लोहमार्गाच्या सोबतीनें इंद्रायणीकांठ

पाण्याला डोंगरांतून वाट पाडण्यास युगें लागतात. माणसाला ती वाट आयती मिळते. बैलांचे तांडे, सैन्यें, टपालाचे जासूद, यात्रेकरूंच्या दिंड्या आणि अखेरीस आगगाडी हीं सर्व एकामागून एक नदीच्या कांठानेंच गेलीं, याचें कारण शोधण्यास फार विद्वत्ता लागत नाहीं. ओझें वाहणाऱ्याला चढ नको असतो, आणि प्रदेशांतील सर्वांत सौम्य चढ कोठून जातो हें नदीइतकें अचूक दुसऱ्या कोणास ठाऊक नसतें.

हेंच तत्त्व परदेशांत एका निराळ्या रीतीनें उपयोगास आलें आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मोटारींच्या चढाओढीमुळें अमेरिकेंत अनेक लोहमार्ग बंद पडले. रूळ उपटले गेले, पण खालची भराव घातलेली, पूल-बोगद्यांसह तयार असलेली वाट शिल्लक राहिली. विस्कॉन्सिन संस्थानांत एल्रॉय ते स्पार्टा या गांवांमधील असा मार्ग १९६० च्या दशकांत सायकलस्वारांसाठीं खुला करण्यांत आला. पुढें पिट्सबर्गपासून कंबरलंडपर्यंतची सुमारें दीडशें मैलांची नदीकांठची वाट २०१३ सालीं पुरी झाली. लोक ती चार-पांच दिवसांत सायकलीनें सावकाश तोडतात. युरोपांत डॅन्यूब नदीच्या कांठीं घोड्यांनीं नावा ओढून नेण्याची जी जुनी वाट होती, तिचाही आज असाच उपयोग होतो. वाफेच्या इंजिनाला जो चढ झेपला, तो माणसाच्या पायांना झेपण्यास हरकत नसते, हें यांतलें सोपें रहस्य होय.

महाराष्ट्रांत अशी तयार वाट नाहीं, कारण येथील मुख्य लोहमार्ग मेलेले नसून रात्रंदिवस धांवत आहेत. तथापि रुळांवरून नव्हे तर रुळांच्या सोबतीनें, खेड्यापाड्यांच्या रस्त्यांनीं असा प्रवास करावयाचा झाल्यास पुण्याच्या वायव्येस दापोडीपासून खंडाळ्यापर्यंतचा प्रदेश त्यास अत्यंत अनुकूल आहे. खंडाळा ते पुणें हा लोहमार्ग १४ जून १८५८ रोजीं खुला झाला. या मार्गावरील लोणावळें पुण्याहून सुमारें चाळीस मैल दूर, पण उंचीनें अवघें दोनशें फूट अधिक आहे. सरासरीनें पाहिलें तर मैलामागें पांच-सहा फुटांचा हा चढ आहे. लोकल गाडीस या अंतरास सुमारें दीड तास लागतो. सायकलस्वारानें त्यासाठीं परतीच्या वाटेसह चार दिवस काढावे. कारण गाडी ज्या खोऱ्यांतून जाते त्याचा इतिहास गाडीच्या वेगानें वाचतां येत नाहीं. पावसाळा सरल्यावर, आळंदीच्या कार्तिकी यात्रेच्या सुमारास निघणें उत्तम.

पहिल्या दिवशींचा आरंभ दापोडीस करावा. येथें पवना मुळेस मिळते आणि मुंबईकडे जाणारा लोहमार्ग नदी ओलांडून येतो. पुढें कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी अशीं स्टेशनें लागतात; पवनेचें पात्र डाव्या अंगास कधीं जवळ तर कधीं दूर राहतें. चिंचवडास नदीकांठीं मोरया गोसावी यांची समाधि आहे. प्लेगच्या अमदानींत, २२ जून १८९७ च्या रात्रीं, रँडसाहेबावर पुण्यांत गोळी झाडणारे दामोदर हरि चापेकर व त्यांचे बंधु याच गांवचे. त्या काळीं चिंचवड हें देवस्थानाचें लहानसें गांव होतें, आणि पिंपरी तर केवळ शेतकऱ्यांची वस्ती होती.

हा देखावा पालटला तो स्वातंत्र्यानंतर. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, आणि संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या साहाय्यानें तेथें पेनिसिलिन तयार होऊं लागलें. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें आणि पुढें या पट्ट्यांत यंत्रें, मोटारी, बेअरिंगें, औषधें यांचे कारखाने दाटीनें उभे राहिले. सपाट जमीन, मुंबईचा हमरस्ता, दाराशीं आगगाडी आणि पवनेचें पाणी या चार गोष्टी एकत्र मिळाव्यात अशी जागा सहसा सांपडत नाहीं. १९७० सालीं पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी मिळून नगरपालिका झाली आणि १९८२ सालीं तिची महानगरपालिका झाली.

त्या आरंभीच्या वर्षांत या रस्त्यावरचें खरें वाहन सायकल हेंच होतें. स्टार्ली या इंग्रज कारागिरानें १८८५ सालीं सारख्या चाकांची सायकल बनविली, डनलॉप यानें १८८८ सालीं तिला हवेची धांव दिली, आणि अवघ्या दोन पिढ्यांत श्रीमंतांची ही हौस गरिबांची गरज होऊन बसली. मुंबईच्या तीन पारशी तरुणांनीं, आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भूमगरा यांनीं, १९२३ ते १९२८ या काळांत सायकलीनें पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली तेव्हां लोकांनीं तोंडांत बोटें घातलीं. परंतु कारखान्याचा भोंगा होण्यापूर्वीं डबा हँडलला अडकवून रोज कित्येक मैल पायडल मारणारा फिटर किंवा टर्नर याचें कोणास कधीं नवल वाटलें नाहीं. त्या सायकलीस रस्त्यावरून दूर सारणारी स्कूटर पुढें याच आकुर्डीच्या कारखान्यांत लाखांच्या संख्येनें तयार झाली, हा या पट्ट्याच्या इतिहासांतील एक विनोदच म्हणावयाचा.

आकुर्डीच्या पुढें देहूरोड. येथील बुद्धविहारांत २५ डिसेंबर १९५४ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. नागपूरच्या धर्मांतरापूर्वीं जवळजवळ दोन वर्षें. येथून रस्ता उजवीकडे वळून देहू गांवाकडे उतरतो, आणि सायकलस्वार पवनेचें खोरें सोडून इंद्रायणीच्या कांठीं येतो. पहिला मुक्काम येथें. तुकोबांची पालखी आषाढी वारीस निघते ती याच वाटेनें उलट दिशेस, आकुर्डी-पिंपरीवरून पुण्यास जाते. कारखान्यांच्या भिंतींमधून टाळमृदंगाचा तो घोष दरसाल एकदां अद्यापि जातो.

दुसऱ्या दिवशीं पुन्हां रुळांजवळ यावें. बेगडेवाडीच्या बाजूस, कुंडमळा येथें इंद्रायणीनें काळ्या खडकांत खोल रांजणखळगे कोरले आहेत. स्थळ मोठें रमणीय. पण त्याच्या नांवाबरोबर आतां एक दुःखद स्मृति जोडली गेली आहे. १५ जून २०२५ रोजीं येथील जुना लोखंडी पादचारी पूल गर्दीच्या भारानें नदींत कोसळला आणि चौघांचा अंत झाला. नदीच्या सौंदर्याकडे लोटणारी माणसें आणि तिच्याकडे जाण्याची धड नसलेली वाट यांतील अंतर त्या दिवशीं डोळ्यांत भरण्याजोगें दिसलें.

पुढें घोरावाडी आणि तळेगांव. तळेगांव हें सेनापति दाभाड्यांचें ठिकाण. उमाबाई दाभाडे यांची समाधि येथें आहे. बंगभंगाच्या चळवळीनंतर प्रो. विष्णु गोविंद विजापूरकर यांनीं चालविलेली समर्थ विद्यालय ही राष्ट्रीय शाळा येथेंच होती. ती १९१० सालीं सरकारनें बंद पाडली. अंताजी दामोदर काळे यांनीं दारोदार फिरून माणशीं एक पैसा याप्रमाणें जमविलेल्या फंडांतून १९०८ सालीं येथें कांचेचा कारखाना निघाला. आज ज्या पट्ट्यांत परदेशी भांडवलाचे अवाढव्य कारखाने दिसतात, त्याच्या उद्योगाचा एक मूळ आरंभ असा पैशा-पैशानें झाला होता.

तळेगांवच्या तळ्याशीं आणखी एक कथा जोडलेली आहे. १७७९ च्या जानेवारींत राघोबादादास पेशवाईवर बसविण्यासाठीं मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून याच खोऱ्यांतून पुण्याकडे निघाली. मराठ्यांनीं समोरासमोर लढण्याऐवजीं वाटेंतील धान्य व वैरण नाहींशी केली. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट हा शूर अधिकारी पडला. मराठ्यांनीं त्यास 'इष्टुर फांकडा' म्हणून आपल्या आठवणींत जागा दिली. तळेगांवास पोहोंचलेल्या फौजेस जळलेलें, ओस गांव दिसलें. अवजड तोफा तळ्यांत ढकलून ती रात्रीं मागें फिरली, आणि महादजी शिंदे यांनीं तिला वडगांवास कोंडून तहावर सही करण्यास लावलें. एकच अरुंद खोरें, एकच वाट आणि वाटेवरच्या गांवांचा असहकार यांनीं तो निकाल लावला. पुढें ऐंशी वर्षांनीं इंग्रजांच्या आगगाडीचे रूळ आले ते याच वाटेनें.

वडगांव, कान्हे करीत कामशेतला दुसरा मुक्काम करावा. येथून दक्षिणेकडे पवन मावळांत पवना धरण आहे. तें १९७२ सालीं पुरें झालें. धरणासाठीं गांवें उठलीं आणि पाणी पिंपरी-चिंचवडच्या कामास आलें. पुढें तें पाणी नदीऐवजीं बंद नळांतून थेट शहरास नेण्याची योजना निघाली, तेव्हां मावळांतील शेतकऱ्यांस वाटलें कीं, नदींतून वाहणारें पाणी तरी आपल्या शेतास मिळत होतें, तेंही आतां जाणार. ९ ऑगस्ट २०११ रोजीं बऊर येथें द्रुतगतिमार्गावर त्यांनीं निदर्शनें केलीं. पोलिसांनीं गोळी चालविली आणि तीन शेतकरी, त्यांत एक स्त्री, मृत्युमुखीं पडले. जवळच्या मुळशीच्या खोऱ्यांत १९२१ सालीं सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं मावळ्यांनीं धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता. नव्वद वर्षांनीं प्रश्न तोच होता: खोऱ्याचें पाणी कोणाचें, आणि तें नेणारानें खोऱ्यास काय द्यावें?

तिसऱ्या दिवशीं मळवली स्टेशन गांठावें. रुळांच्या एका बाजूस भाजें, दुसऱ्या बाजूस नदीपलीकडे कार्लें; दोहों बाजूंस बौद्ध लेणीं, आणि वर लोहगड-विसापूर. भाज्याचीं लेणीं इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकाच्या सुमारास खोदण्यास आरंभ झाला. कार्ल्याचें भव्य चैत्यगृह त्यानंतरच्या शतकांतलें. कोंकणांतील बंदरांकडून घाटावर येणाऱ्या व्यापारी मार्गावर हे विहार वसले. कार्ल्याच्या खांबांवर व भिंतींवर दान देणाऱ्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत: वैजयंतीचा एक श्रेष्ठी, धेनुकाकट येथील यवन, सुगंधी द्रव्यांचा एक व्यापारी, आणि एक सुतार सुद्धां. दोन हजार वर्षांपूर्वींच्या एका सुताराचें नांव आज वाचतां येतें, ही गोष्ट मनांत ठेवून सायकलस्वारानें लोणावळ्यास जावें.

कारण लोणावळें-खंडाळ्याच्या पुढें बोरघाट आहे, आणि तेथील काम ज्यांनीं केलें त्यांचीं नांवें कोठेंही कोरलेलीं नाहींत. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत, १८३० सालीं, या घाटांतून गाड्यांचा रस्ता झाला. १८५६ त आगगाडी घाटाखालीं खोपोलीपर्यंत आली, १८५८ त ती खंडाळ्याहून पुण्यास जाऊं लागली. पण मधल्या घाटांत उतारूंस डोली, तट्टू किंवा बैलगाडी यांचाच आश्रय करावा लागे. जेथें नदीचें खोरें संपतें आणि सह्याद्रीचा कडा सरळ तुटतो, तेथें इंजिनिअराला आयती वाट नव्हती. सोळा मैलांहून कमी अंतरांत १,८३१ फूट चढावयाचें होतें. जेम्स बर्क्ले यानें आंखलेल्या मार्गावर पंचवीस बोगदे खोदले गेले आणि आठ उंच कमानींचे पूल बांधले गेले. कांहीं ठिकाणीं सदतीस फुटांस एक फूट असा चढ ठेवावा लागला. एका सुळक्याशीं तर वळण्यास जागाच नसल्यामुळें गाडी थांबवून उलट दिशेनें पुढें न्यावी लागे.

१८६१ च्या आरंभीं या कामावर सुमारें बेचाळीस हजार माणसें होतीं. पटकीनें व तापानें त्यांतील पुष्कळ मेलीं. मजुरी वेळेवर मिळेना म्हणून १८५९ सालीं त्यांनीं दंगा केला आणि फॅव्हिएल या मक्तेदारास काम सोडावें लागलें. त्याच्या जागीं आलेला सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच दिवसांत वारला, तेव्हां त्याची पत्नी ॲलिस हिनें मक्ता हातीं ठेवून काम पुरें करविलें. बर्क्ले स्वतः १८६२ सालीं वारला. २१ एप्रिल १८६३ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्तें घाट खुला झाला. इंजिनिअर, मक्तेदार, गव्हर्नर या सर्वांचीं नांवें इतिहासांत राहिलीं. बेचाळीस हजारांचीं राहिलीं नाहींत. सातवाहनकाळचा सुतार याबाबतींत एकोणिसाव्या शतकांतील मजुराहून भाग्यवान ठरला.

१९२९ च्या सुमारास विजेच्या गाड्यांसाठीं घाटांत नवी वाट काढण्यांत आली आणि गाडी उलटी फिरविण्याचें तें जुनें स्टेशन टाकून देण्यांत आलें. या सबंध मार्गांत 'टाकलेला लोहमार्ग' म्हणतां येईल असा तेवढाच तुकडा आहे. पण तो कड्यावर आहे, सायकलीच्या उपयोगाचा नाहीं. लोणावळ्याच्या परिसरांतील पाणी तलावांत अडवून टाटांनीं तें घाटाखालीं खोपोलीस सोडलें आणि १९१५ पासून त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालूं लागल्या. खोऱ्याच्या माथ्यावरचें पाणीही असें दुसरीकडे वळलें. इंद्रायणीचा उगम येथून जवळच, कुरवंड्याच्या बाजूस आहे. संध्याकाळीं तेथवर जाऊन यावें. डोंगरांतून पाझरणारें तें पाणी ओंजळींत घेतां येतें.

चौथा दिवस परतीचा. द्रुतगतिमार्गावर सायकलीस बंदी आहे, आणि जुन्या हमरस्त्यावर मालमोटारींची रीघ. म्हणून शक्य तेथें गांवरस्त्यांनींच तळेगांव गांठावें. उतार सोबतीस असल्यानें श्रम जाणवत नाहींत. तेथून इंदुरीजवळ इंद्रायणी ओलांडून चाकणास जावें. चाकणच्या भुईकोट किल्ल्यास संग्रामदुर्ग म्हणतात. १६६० सालीं शाएस्तेखानाच्या प्रचंड फौजेपुढें फिरंगोजी नरसाळा यानें तो सुमारें दोन महिने लढविला. सुरुंगानें बुरूज उडाल्यावरच मोगलांस आंत शिरतां आलें. आज चाकण मोटारींच्या कारखान्यांसाठीं जगभर माहीत झालें आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत देशी-परदेशी कंपन्यांचे कारखाने येथें उभे राहिले. परंतु चाकणास आगगाडी नाहीं. येथील उद्योग लोहमार्गाच्या मागोमाग आला नाहीं. तो मालमोटारींवर बसून आला. रस्त्यावर मैल-मैल लांब उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या रांगा पाहिल्या म्हणजे पिंपरीस नदी आणि रूळ यांनीं जी सोय फुकट करून दिली होती तिची किंमत कळते. सायकलस्वारास या सबंध प्रवासांत सर्वांत जपून चालवावें लागतें तें याच टप्प्यावर.

चाकणहून पुढें आळंदी. ज्ञानेश्वरांनीं १२९६ सालीं येथें समाधि घेतली. सातशें वर्षांहून अधिक काळ लोक या घाटावर स्नान करीत आले आहेत. अलीकडे येथें नदीवर पांढऱ्या फेसाचे थर तरंगतांना वारंवार दिसतात. शहरांचें सांडपाणी आणि कारखान्यांचें मळीचें पाणी त्यांस कारण आहे. वारीच्या दिवसांतही तो फेस दिसला आहे, आणि वारकरी त्या पाण्याशीं थबकले आहेत.

या खोऱ्यानें व्यापाऱ्यांस वाट दिली, भिक्षूंस लेणीं दिलीं, सैन्यांस रस्ता दिला, आगगाडीस चढ दिला, कारखान्यांस पाणी दिलें. तें सर्व घेतांना ज्यांच्या श्रमांनीं वाट झाली आणि ज्यांच्या शेतांतून ती गेली त्यांचा हिशेब बहुधा मांडला गेला नाहीं. दापोडीपासून लोणावळ्यापर्यंत आणि देहूपासून आळंदीपर्यंत नदीकांठच्या पायवाटा जोडून, पूल धड करून, सायकलीस व पायीं चालणारास एक अखंड मार्ग करणें हें काम बोरघाट फोडणाऱ्या पिढीच्या तुलनेनें किती लहान आहे! चढ तर नदीनेंच काढून ठेवलेला आहे. पण असा मार्ग झाला तर त्यावरून रोज जाणारा कामगार, विद्यार्थी आणि वारकरी नदीकडे रोज पाहील. आणि रोज पाहिलेली नदी घाण ठेवणें कोणत्याही शहरास सोपें जात नाहीं.

तोंवर चार दिवसांचा प्रवासी एवढें मात्र स्वतः पडताळून पाहूं शकतो. तिसऱ्या दिवशीं कुरवंड्यास जें पाणी त्यानें ओंजळींत घेतलें, तेंच चौथ्या दिवशीं आळंदीच्या घाटावर त्याच्यापुढून वाहत असतें. तेथें तो वाकतो, पाहतो, आणि हात मागें घेतो.